पत्र्यातला न दिसणारा जोड

जुन्या अमेरिकन गाड्यांच्या बॉनेटवर एक फुगीर, पुढून उघडं तोंड असतं. रस्त्यावर नाही तरी चित्रपटात तुम्ही ते नक्की पाहिलं असेल. त्याला स्कूप म्हणतात. कारखान्यातूनच स्कूप घेऊन आलेल्या गाडीचं मला फारसं नवल वाटत नाही, कारण तिथे अजस्र प्रेस असतो, पोलादी साचे असतात, एका दणक्यात आकार उमटतो. नवल वाटतं ते गॅरेजमधल्या कारागिराचं. तो गाडीचं मूळ बॉनेट उतरवतो, धडधाकट पत्र्याला मधोमध भोक पाडतो, हाताने ठोकून घडवलेला स्कूप त्यात बसवतो आणि काम असं संपवतो की रंगाखाली एक पत्रा कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हे कुणालाही बोट ठेवून सांगता येत नाही. एक मिलिमीटरभर जाडीच्या पत्र्यात हे जमवायला धातुशास्त्र, भूमिती आणि बोटांची जाण या तिन्ही गोष्टी एकाच माणसात असाव्या लागतात.

आधी स्कूप हवाच कशाला, ते पाहू. इंजिनाला पेट्रोल किती लागतं हे आपण रोज मोजतो. हवा किती लागते याचा विचार सहसा कुणी करत नाही. शेव्हरोलेचं ३५० घनइंची, म्हणजे सुमारे ५.७ लिटरचं व्ही-८ इंजिन मिनिटाला ५,००० फेरे घेत असलं, की दर मिनिटाला १२,००० लिटरच्या आसपास हवा आत ओढतं. सेकंदाला २०० लिटर! स्वस्थ बसलेल्या माणसाला मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा पुरते.

बहुतेकांची समजूत अशी, की गाडी पळायला लागली की वारा स्कूपमध्ये कोंबला जातो आणि त्या दाबाने ताकद वाढते. हिशेब मांडला तर वेगळंच दिसतं. ताशी १०० किलोमीटर वेगाला समोरून येणाऱ्या वाऱ्याचा जास्तीचा दाब सुमारे ४६० पास्कल भरतो. वातावरणाचा दाब आहे १,०१,३२५ पास्कल. म्हणजे वाढ अर्धा टक्कासुद्धा नाही. अगदी ताशी २०० ला गेलात तरी ती दोन टक्क्यांच्या आतच राहते. खरा लाभ थंड हवेचा. बॉनेटखालची हवा ६० अंश सेल्सिअसवर असेल आणि बाहेरची ३० वर, तर बाहेरच्या प्रत्येक लिटरमध्ये जवळजवळ दहा टक्के जास्त हवा भरलेली असते. जास्त हवा म्हणजे जास्त ऑक्सिजन, आणि तेवढं जास्त इंधन जाळता येतं. स्कूपचं पहिलं काम इंजिनाला भट्टीबाहेरचा श्वास मिळवून देणं हे आहे.

तो कुठे बसवायचा, हेही डोळ्यांना वाटतं तितकं सरळ नाही. बॉनेटच्या पुढच्या कडेवरून वारा वळतो तेव्हा त्याचा वेग वाढतो आणि तिथला दाब उतरतो. काचेच्या पायथ्याशी तोच वारा अडतो आणि दाब चढतो. म्हणून १९७०च्या शेव्हेल एसएसमध्ये शेव्हरोलेने बॉनेटच्या फुगवट्याचं तोंड चक्क मागे, काचेकडे उघडलं. पाय पूर्ण दाबला की तिथली झडप उघडायची. शिवाय बॉनेटला चिकटून वाहणारा एक-दोन सेंटिमीटरचा थर घर्षणाने मंदावलेला असतो, त्यामुळे पुढे तोंड असलेला स्कूप पृष्ठभागापासून थोडा वर उचललेला असावा लागतो. दुसऱ्या महायुद्धातल्या पी-५१ मस्टँग विमानाच्या पोटाखालचं हवेचं तोंडही याच कारणासाठी पोटापासून किंचित खाली, फट ठेवून बसवलेलं होतं.

डेट्रॉइटच्या मोटार कंपन्यांनी या एका गोष्टीचे किती अवतार केले! १९६४च्या पाँटिॲक जीटीओवरचे स्कूप बंद, केवळ दिखाऊ होते. पुढच्याच वर्षी ते खरोखर उघडण्याचं किट विक्रेत्याकडे मिळू लागलं. त्याच १९६४ साली फोर्डने शर्यतीसाठी थंडरबोल्ट नावाच्या १०० गाड्या बांधल्या. त्यांच्या बॉनेटवरचा अश्रूच्या आकाराचा फुगवटा खाली उंच बसलेल्या इंजिनाला जागा करून द्यायला होता, हवा मात्र आतल्या दोन हेडलाइटच्या जागेतून घेतलेली. १९६९च्या मस्टँगमध्ये तर स्कूप थेट इंजिनावर बसवून बॉनेटच्या भोकातून वर काढला होता. इंजिन थरथरलं की तोही थरथरायचा, म्हणून त्याचं नाव शेकर. आपल्याकडे २००९मध्ये आलेल्या पहिल्या टोयोटा फॉर्च्युनरच्या तीन लिटर डिझेल इंजिनावर इंटरकूलर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा थंड करणारा भाग, बसवलेला होता. तिच्या बॉनेटवरचा स्कूप त्याच्यावर वारा सोडण्यासाठी होता.

आता गॅरेजमध्ये येऊ. स्कूप असलेलं तयार फायबरचं बॉनेट विकत मिळतं, मग मूळ बॉनेटशी एवढी झुंज कशासाठी? कारण मूळ बॉनेट त्याच गाडीचं असतं. बिजागऱ्या, कुलूप, दोन्ही फेंडरांशी राखलेली बारीक फट, सगळं तिथे जुळलेलं असतं. बॉनेट म्हणजे नुसता एक पत्रा नसतो, वरचं कातडं आणि खालची फासळ्यांची चौकट अशी ती जोडी असते. वरच्या पत्र्याची कड चौकटीवर दुमडून घट्ट दाबलेली असते. हे गणित पुन्हा जुळवणं नवा स्कूप घडवण्यापेक्षाही अवघड. फायबरचा स्कूप लोखंडी बॉनेटवर चिकटवण्याची सोपी वाटही आहे. पण उन्हात फायबर लोखंडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावतं. रोज तापून आणि निवून त्या रेषेवरचा रंग एक दिवस केसासारखा तडकतो. लोखंडाला लोखंडच जोडायचं असतं, एवढं ध्यानात ठेवलं तर पुढचं सगळं त्यातून येतं.

स्कूप घडवायला घेतला की गणिताची गाठ पडते. एक कागद घ्या आणि नळीवर गुंडाळा, सहज बसेल. तोच कागद चेंडूवर बसवून पाहा. चुण्या पडतील किंवा फाटेल, पण बसणार नाही. कार्ल फ्रिडरिश गाऊस या जर्मन गणितज्ञाने १८२७मध्ये याचं कारण सिद्ध केलं: पृष्ठभाग नुसता वाकवून त्याची अंगभूत वक्रता बदलत नाही. एकाच वेळी दोन्ही दिशांनी वळणारा आकार सपाट पत्र्यातून हवा असेल तर पत्रा कुठेतरी ताणावा लागेल नाहीतर कुठेतरी आटवावा लागेल, तिसरा मार्ग नाही. गाऊसचं नावही न ऐकलेला डेंटर, म्हणजे पत्रा ठोकून घडवणारा कारागीर, हे प्रमेय रोज हातोडीने सोडवतो.

ताणणं समजायला सोपं आहे. वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवून लाकडी हातोड्याने ठोकलं की पत्रा पातळ होत पसरतो आणि खोलगट होतो. आटवणं अधिक नवलाचं. मोदक वळताना पारीची कड कळ्या पाडून आत घेतात आणि सपाट पारीची वाटी होते. कारागीर पत्र्याच्या कडेला अगदी तशाच कळ्या पाडतो. फरक पुढे आहे. त्या कळ्या उलगडू न देता तो त्यांच्यावर ठोके घालतो आणि जास्तीचं लोखंड जागच्या जागी स्वतःतच जिरतं. कड आखूड होते आणि पत्रा तिथे जाड होतो. लोखंड कुठे नाहीसं होत नाही, ते फक्त लांबीतून जाडीत जातं. मग दोन चाकांमध्ये पत्रा पुढेमागे फिरवायचं इंग्लिश व्हील नावाचं यंत्र घेऊन हातोडीच्या खुणा पुसल्या जातात.

ठोकता ठोकता पत्रा कडक होत जातो आणि एका मर्यादेनंतर ऐकेनासा होतो. पुण्याच्या तांबट आळीत पिढ्यान्‌पिढ्या हे ठाऊक आहे: तांब्याचं भांडं ठोकून कडक झालं की ते भट्टीत लाल करायचं, मऊ करायचं आणि पुन्हा ठोकायला घ्यायचं. हातांना माहीत असलेल्या या गोष्टीचं कारण विज्ञानाला १९३४मध्ये सापडलं. त्या वर्षी टेलर, ओरोवान आणि पोलानी या तिघा शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे मांडलं, की धातूच्या अणूंच्या रांगांमध्ये दोष असतात आणि धातू वाकतो तो हे दोष आतल्या आत सरकत गेल्यामुळे. ठोके बसतील तसे हे दोष वाढतात, एकमेकांत अडकतात आणि सरकणं थांबतं. तोच कडकपणा. उष्णता दिली की नवे, स्वच्छ कण तयार होतात आणि धातू पुन्हा हाताला येतो. तांबं असो की बॉनेटचं लोखंड, आत घडतं ते एकच.

स्कूप तयार झाला की बॉनेट कापायचं. भोकाचे कोपरे काटकोनी ठेवायचे नाहीत, गोल फिरवायचे, कारण टोकदार कोपऱ्यात सगळा ताण एकवटतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. खालची फासळी कापावी लागली तर भोकाभोवती नवी चौकट देऊन ती पुन्हा बांधायची. कुलपाजवळच्या भागाला हात लावायचा नाही. ताशी १०० च्या वेगाने धावताना बॉनेट उघडून काचेवर आपटलं तर काय होईल हे सांगायला नको.

स्कूपची कड आणि भोकाची कड एकमेकींना टोकाला टोक भिडवून जोडतात. एकावर एक पत्रा चढवून जोडणं सोपं, पण त्या दोन थरांच्या मध्ये पाणी साचतं, गंज धरतो, आणि दुहेरी पत्रा एकेरीपेक्षा वेगळ्या गतीने तापत असल्याने उन्हात त्याची रेघ रंगावर उमटते. टोकाला टोक भिडवायचं तर दोन कडांमध्ये केसभर फट चालते, त्याहून जास्त नाही. त्यासाठी कानस घेऊन तास तास घालवावे लागतात.

आणि मग येतं वेल्डिंग. या सगळ्या प्रकरणाचा प्राण इथे आहे, म्हणून जरा थांबून पाहू.

लोखंड सुमारे १,५०० अंशांवर वितळतं. वेल्डिंगच्या ठिपक्याजवळ दहा सेंटिमीटरची पट्टी ८०० अंशांनी तापली तर ती सुमारे एक मिलिमीटर वाढू बघते. पण भोवतीचा थंड पत्रा तिला हलू देत नाही. तापलेलं लोखंड मऊ असतं, त्यामुळे ते बाजूला पसरण्याऐवजी जागीच दबून जाड होतं. पुढे ते निवतं आणि आकसतं, पण आता ते मूळच्या लांबीला परत न येता तिच्याहून आखूड होतं. म्हणजे वेल्डिंगची प्रत्येक रेष पत्र्याला स्वतःकडे ओढून घेते. दीड-दोन मीटर घेराचा जोड एका दमात शिवला तर बॉनेटचा सपाट भाग पाहता पाहता लाटालाटांचा होतो.

त्या लाटा एवढ्या मोठ्या का दिसतात, त्याचा हिशेब मी पहिल्यांदा कागदावर केला तेव्हा उत्तरावर माझा विश्वासच बसेना. अर्धा मीटर सपाट पत्रा दोन्ही टोकांना जखडलेला आहे असं धरा. त्याची लांबी फक्त ०.१ मिलिमीटरने, म्हणजे साधारण एका केसाच्या जाडीएवढी वाढली. जागा मिळायला तो वर फुगणार. किती? चार मिलिमीटरहून जास्त! एका केसाच्या चुकीची किंमत चाळीसपट होऊन समोर येते. तोच पत्रा मुळातच मध्ये पाच सेंटिमीटर उंचीचा घुमट असता, तर तेवढ्याच वाढीने तो जेमतेम ०.२ मिलिमीटर वर गेला असता. गोलाई चूक पोटात घालते, सपाट पत्रा तीच चूक सगळ्यांना दाखवतो. म्हणून जाणता कारागीर जोडाची रेष सपाट मैदानात न ठेवता स्कूपच्या वळणाजवळ, जिथे पत्र्याला आकाराची ताकद आहे तिथे सरकवून ठेवतो. रंगाखाली लपणारा हा निर्णय कापण्याआधीच, पेन्सिलची रेघ ओढताना झालेला असतो.

वेल्डिंगही सलग करायचं नाही. आधी लांब लांब अंतरावर टाके मारायचे: एक इथे, दुसरा पार समोरच्या बाजूला, तिसरा कोपऱ्यात. एक टाका हात लावण्याइतका निवला की मगच दुसरा. मग दोन टाक्यांच्या मध्ये एक, पुन्हा त्यांच्या मध्ये एक, असं करत रेष भरत न्यायची. दिवस जातो. घाई करणाऱ्याला लोखंड जागीच शिक्षा देतं.

एवढी काळजी घेऊनही जोड आखूड होतोच. उपाय तोच जुना, ताणणं. पत्र्याखाली डॉली, म्हणजे हातात धरायची छोटी ऐरण, दाबून धरायची आणि वरून हातोडीचे हलके, नेमके ठोके त्या जोडावरच घालायचे. दोन पोलादांच्या मध्ये जोड पातळ होतो, लांब होतो, आणि आकसण्याने ओढून घेतलेली लांबी परत देतो. ओढलेला पत्रा एका क्षणी सैल पडतो आणि लाट आपोआप विरते. ठोका मारलेला असतो एका ठिकाणी, आणि सरळ होतं वीतभर लांबचं लोखंड.

ठोके जास्त झाले तर उलट अडचण येते. पत्रा लांबतो, अंगठ्याने दाबला की टक्‌कन आत जातो आणि सोडला की बाहेर येतो. त्यावरचा इलाज पाहण्यासारखा आहे. उंचवट्यावर नाण्याएवढी जागा गॅसच्या ज्योतीने लाल करायची, भोवती चार ठोके, आणि लगेच ओलं फडकं. ज्या आकसण्याने मघाशी सगळं बिघडवलं, त्यालाच आता कामाला लावलं जातं. हल्ली यासाठी ग्राइंडरवर स्टीलची गुळगुळीत तबकडी लावतात. ती फिरताना फक्त उंच जागांनाच घासते, त्याच तापतात, पाणी मारलं की त्याच आकसतात. उंचवटे कुठे आहेत ते तबकडी स्वतःच शोधते.

इतकं झाल्यावर उरलेल्या बारीक खोलगट जागा भरायच्या. आज त्यासाठी पॉलिस्टर पुट्टी असते. तिच्याआधीचा काळ शिशाचा. १९४०-५०च्या दशकांत कॅलिफोर्नियात जॉर्ज आणि सॅम बॅरिस हे भाऊ मर्क्युरी गाड्यांच्या छपरांची उंची कमी करत, बॉनेटचे कोपरे गोल करत, आणि सगळे जोड शिशाने भरून काढत. अशा गाड्यांना लेड स्लेड हे नाव त्यावरूनच पडलं. यातल्या जॉर्जने पुढे १९६६च्या टीव्ही मालिकेसाठी बॅटमॅनची गाडी बनवली. वापरायचं मिश्रण असे ३० टक्के कथलाचं आणि ७० टक्के शिशाचं. ते १८३ अंशांवर मऊ पडू लागतं पण पूर्ण पातळ व्हायला २५० च्या वर जावं लागतं. मधल्या सत्तर अंशांत ते लोण्यासारखं असतं. ज्योत जवळ-लांब करत त्याला त्या सत्तर अंशांत धरून ठेवायचं आणि चरबी माखलेल्या लाकडी फळीने उभ्या पत्र्यावरसुद्धा लेपून न्यायचं, हे त्यांचं कसब. शिशाची धूळ विषारी, म्हणून ते घासत नसत, कानशीने तासत. पुट्टी स्वस्त आणि सोपी आहे आणि पातळ थरात ती चांगली टिकते. खाली पत्रा नीट न करता बोटभर पुट्टी थापणं मात्र मला कामच वाटत नाही. ती दोन पावसाळ्यांत तडकते, आणि तडकायलाच हवी.

शेवटची परीक्षा घेतात डोळे आणि बोटं. चकचकीत रंग म्हणजे आरसाच. आरशाचा उतार एक अंशाने बदलला की परतणारा किरण दोन अंशांनी वळतो, म्हणजे पृष्ठभागाची प्रत्येक चूक प्रतिबिंबात दुप्पट होते. इतकंच नाही. दोन पत्रे एकाच उतारावर मिळाले पण त्यांच्या वळणाची तीव्रता एकदम बदलली, तरी प्रतिबिंबातली रेघ तिथे मोडते. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बॉनेटवरून स्कूपवर चढताना कुठेही न मोडता वाहत गेलं, तरच जोड जमला. रेनोमधल्या पिएर बेझिए आणि सिट्रोएनमधल्या पॉल द कास्तेल्जो यांनी साधारण १९६०च्या सुमारास अशा वाहत्या रेषांचं गणित उभं केलं. आज संगणकावर गाडी आखली जाते ती त्यावरच. गॅरेजमधला माणूस तेच एका ट्यूबलाइटवर तपासतो.

रंग चढण्याआधी चमक नसते, तेव्हा काम बोटांचं. कारागीर तळहात पसरून, पत्र्यावरून लांब, सावकाश फिरवतो. कधी मध्ये पातळ फडकं घेतो, म्हणजे खरखर कळत नाही आणि चढउतार तेवढे कळतात. अनेकदा डोळे मिटलेले असतात. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१३मध्ये दाखवलं, की सरकत्या बोटाला अवघ्या १३ नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्याही गुळगुळीत पृष्ठभागापासून वेगळ्या ओळखता येतात. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले तेरा! डेंटर हात फिरवून "इथे अजून आहे" असं म्हणतो आणि आपल्याला तिथे काहीच दिसत नाही, तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवावा.

वाचून कुणाला आपल्या गाडीचं बॉनेट कापायची उमेद आली असेल तर आधी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचावं आणि आरटीओत विचारून घ्यावं. कंपनीने दिलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल आपल्याकडे चालत नाही. नुसतं पाहायला मात्र परवानगी लागत नाही. जुन्या गाड्यांच्या रॅलीला गेलात तर बॉनेटसमोर उभं राहून फोटो काढण्याआधी कडेला जा, खाली वाका आणि आकाशाचं प्रतिबिंब पत्र्यावरून कसं सरकतं ते पाहा. आणि तुमच्या गल्लीतल्या गॅरेजमध्ये कुणी डॉली धरून हलके ठोके घालत असेल, तर दहा मिनिटं थांबा आणि काय करताय ते त्यांना विचारा.